गिअर पडत नाही? गिअरबॉक्स खोलण्यापूर्वी क्लच तपासा

(जुनी जीप व मोटार वापरणाऱ्या सभासदांसाठी)

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



ऊस विकास अधिकाऱ्याने लागणीवर, खतावर, खोडकिडीवर लिहावे. मोटारीच्या क्लचवर त्याने कशाला लिहायचे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. तो रास्तच आहे. परंतु शेतकी खात्याच्या माणसाचा निम्मा दिवस जुन्या जीपमध्ये जातो आणि गावोगाव फिरताना सभासदांच्या दारातल्या जुन्या गाड्याही नजरेस पडतात. कुणाची वडिलांच्या वेळची जीप, कुणाची ॲम्बॅसॅडर, कुणाची पद्मिनी. ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. तरी ज्यांच्याकडे ह्या गाड्या आहेत ते त्या सहजासहजी मोडीत काढत नाहीत. खताची पोती, पंपाची मोटार आणि रात्री-अपरात्री आजारी माणूस, सगळे त्यातूनच जाते.

ह्या गाड्यांची एक तक्रार वारंवार कानावर येते : "साहेब, गिअर पडत नाही." आणि पुढचे वाक्य बहुधा असे असते, "गिअरबॉक्स खोलायला टाकलाय." ह्या दोन वाक्यांच्या मध्ये पाच मिनिटांची एक तपासणी राहून जाते. तेवढ्यापायी गाडी आठ-आठ दिवस गॅरेजात पडते आणि पैसा विनाकारण जातो. ही तपासणी सभासदाला स्वतःला करता यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

उसाचे पान पिवळे दिसले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. निदान टाकू नये. आधी पाहायचे, की पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर. जुनी पाने पिवळी असतील तर नत्र कमी. चुनखडीच्या रानात कोवळी पाने पिवळी पडली तर लोहाची कमतरता, आणि तिथे युरियाची गोणी रिकामी करून काही उपयोग नाही. गाडीचेही तसेच आहे. लक्षण एक दिसते, कारण दुसरीकडे असते.

क्लच काय काम करतो?

इंजिन चालू असेपर्यंत फिरतच राहते. चाके मात्र कधी फिरवायची असतात, कधी थांबवायची असतात. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांच्यामध्ये एक जोड ठेवलेला असतो, जो पायाने जोडता व तोडता येतो. तो क्लच.

इंजिनाच्या मागे फ्लायव्हील म्हणजे जड चाक असते. त्याला चिकटून क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही बाजूंना लायनर बसवलेले असतात. तिच्या मागे प्रेशर प्लेट असते. ही स्प्रिंगांच्या जोराने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. क्लच प्लेटच्या मधल्या दातेरी भोकात गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट बसतो. पाय पेडलवर नसताना सगळे एकत्र फिरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेट मागे ओढली जाते आणि क्लच प्लेट मोकळी होते. इंजिन फिरते, पण गिअरबॉक्सकडे जोर जात नाही. अशा वेळीच गिअर बिनआवाज पडतो.

म्हणजे क्लचची कामे दोनच. पाय काढला की घट्ट धरायचे, पाय दाबला की पूर्ण सोडायचे. ह्यातले कोणते काम बिघडले ते ओळखले की निम्मे निदान झाले.

पहिली कसोटी : इंजिन बंद करून पहा

सपाट जागी गाडी उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून पहा. एखादा गिअर अडला तर घाबरू नका. आत दातासमोर दात आला की तसे होते. दांडा न्यूट्रलला आणा, क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा आणि मग टाका.

आता गिअर न्यूट्रलला आणून इंजिन चालू करा. क्लच पूर्ण दाबा आणि पुन्हा तेच करा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, पण चालू असताना खर्रर्र वाजतात किंवा पडतच नाहीत, असे झाले तर दोष गिअरबॉक्सचा नाही. क्लच सुटत नाही, हे समजा.

इंजिन बंद असतानाही दांडा अडतो, तर दोष गिअरचा दांडा, त्याचे जोड किंवा गिअरबॉक्स ह्यांत आहे.

बाकी गिअर ठीक पडतात आणि गाडी चालताना एकच गिअर, समजा दुसरा, वाजतो, तर क्लचला दोष देऊ नका. क्लच बिघडला तर तो सगळ्या गिअरांना त्रास देतो. एकालाच वेगळी वागणूक देत नाही.

खात्री करायला आणखी एक कसोटी. इंजिन मंद चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबा, मनात चार आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला बहुधा सिंक्रोनायझर नसतो, म्हणून क्लचचे खोटे तिथे लपत नाही. चार आकडे मोजूनही रिव्हर्स वाजला, तर क्लच अर्धवट सुटतो आहे.

क्लच सुटत नसेल तर

आता बाहेरून आत या. आतून बाहेर नको. बाहेरचे काम पान्याने होते, आतल्या कामाला गिअरबॉक्स उतरावा लागतो.

१) पेडलची ढील पहा. पेडल हाताने दाबले की सुरुवातीला थोडे सहज जाते, मग जोर लागतो. सहज जाते तेवढी ढील. दांड्याच्या किंवा केबलच्या क्लचला ती साधारण २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे इंचभर असते. नेमके माप गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. ढील फार वाढली तर पेडल तळाला गेले तरी क्लच पूर्ण सुटत नाही. ॲडजस्टिंगचा नट फिरवून ती कमी करता येते.

२) जोड आणि पिना पहा. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने खाली वाकून पाहावे. पेडल हलते पण पुढचा दांडा उशिरा हलतो, तर मधली पिन किंवा बुश झिजला आहे. केबल असेल तर तिचे तार तुटत आले आहेत का, आवरण दबले आहे का, ते पाहावे. पायाखालचे जाड मॅटही पेडलला पूर्ण खाली जाऊ देत नाही. हसू नका, हे कारण निघते!

३) तेलाचा क्लच असेल तर डबी पहा. तेल कमी झाले असेल तर ते कुठेतरी गळते आहे. पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर पडतो आणि एकदाच दाबल्यावर पडत नाही, असे असेल तर पाइपात हवा शिरली आहे किंवा आतले रबरी वायसर गेले आहेत. हे काम गिअरबॉक्स न उतरवता होते. ह्या डबीत ब्रेक ऑईलच घालायचे. इंजिन ऑईल घातले तर रबर फुगून सगळेच निकामी होते.

४) गाडी उभी होती का, हे आठवा. पावसाळाभर शेडमध्ये उभी राहिलेली गाडी दिवाळीला बाहेर काढली आणि क्लच सुटेना, तर दमटपणाने क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असण्याचा संभव आहे. ती सोडवण्याचे काम जाणत्या फिटरकडून करून घ्यावे. स्वतः धक्के मारत बसू नये.

हे चारही ठीक असेल, तरच आतल्या भागांवर संशय घ्यावा : वाकडी झालेली क्लच प्लेट, शाफ्टवर अडकणारा तिचा हब, मोडलेली फिंगर, किंवा फ्लायव्हीलच्या मध्यातला जाम झालेला लहान बुश.

एका सभासदाच्या जीपचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. ऐन तोडणीच्या दिवसांत गिअर वाजू लागला. गिअरबॉक्स उतरवला, काही भाग बदलले, गाडी परत आली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा उतरवला. शेवटी दुसऱ्या एका वयस्कर फिटरने खाली वाकून पाहिले, तर पेडलच्या दांड्यातील पिन झिजून भोक लांबट झाले होते. पेडलचा निम्मा जोर तिथेच वाया जात होता. पिन किरकोळ किमतीची. मजुरी मात्र दोनदा गेली होती, आणि तोडणीवर डबा व डिझेल पोचवायला तेवढे दिवस भाड्याचा टेम्पो लावावा लागला होता.

क्लच धरत नसेल तर

हे उलटे दुखणे आहे. गिअर छान पडतात, पण चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडते आणि गाडी काही उचलत नाही. पाठोपाठ जळका वास येतो. ह्याला क्लच घसरणे म्हणतात.

कसोटी अशी. सपाट जागा, चाकांना दगड, हँडब्रेक घट्ट, समोर कोणी उभे नको. इंजिन चालू करून टॉप गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन गुदमरून बंद पडते. इंजिन चालूच राहिले तर क्लच घसरतो. ही परीक्षा एकदाच घ्यावी. पुन्हा पुन्हा केल्यास चांगला क्लचही जळेल.

घसरण्याची कारणे मुख्यतः तीन :

पहिले, पेडलला ढीलच नसणे. लायनर झिजत जाते तशी दांड्याच्या क्लचची ढील कमी होत जाते. ती संपली की पाय नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. हे वेळीच ॲडजस्ट केले तर प्लेट वाचते.

दुसरे, लायनर झिजून रिव्हेटपर्यंत येणे. इथे नवीन प्लेटशिवाय उपाय नाही. उशीर केला तर रिव्हेट फ्लायव्हीलवर चरे पाडतात आणि खर्च वाढतो.

तिसरे, लायनरवर ऑईल येणे. क्लचच्या घराला खाली एक लहान भोक असते. त्यातून थेंब पडत असतील तर बोटावर घ्या. काळे, पातळ असेल तर इंजिनाच्या मागच्या बाजूने गळते आहे; जाड आणि उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूने. गळती न थांबवता नुसती प्लेट बदलली तर नवी प्लेटही तशीच बाद होईल. रानात निचरा न करता पुन्हा लागण करण्यासारखेच ते आहे.

थरथर आणि आवाज

गाडी उचलताना सगळी थरथरते, तर लायनरवर ऑईल आहे का ते पहा आणि इंजिनाचे रबरी माउंटिंग सैल किंवा फाटले आहे का तेही पहा. माउंटिंग तपासणे सोपे आहे, म्हणून ते आधी.

आवाजाची खूण लक्षात ठेवा. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला. पेडलवर पाय टेकताच घूं असा आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग जाण्याच्या मार्गावर आहे. उलट पाय काढलेला असताना आवाज येतो आणि पेडल दाबताच थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पहिल्या शाफ्टचे बेअरिंग वाजते आहे. कारण पेडल दाबल्यावर तो शाफ्ट फिरायचा थांबतो.

गिअरबॉक्सचा दोष केव्हा समजावा?

१) एकच गिअर वाजत असेल तर. त्या गिअरचा सिंक्रोनायझर झिजलेला असतो. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी : पूर्वीच्या ॲम्बॅसॅडर, पद्मिनी आणि तीन गिअरांच्या जुन्या जीपमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोनायझर नसतोच. गाडी चालती असताना पहिला टाकला तर तो वाजणारच. तो दोष गाडीचा नाही. गाडी थांबवूनच पहिला टाकावा, किंवा डबल क्लच मारावा. म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. जुने ड्रायव्हर हे सवयीने करत.

२) गिअर आपोआप निसटत असेल तर. आतली गोळी-स्प्रिंग कमजोर झाली असेल, फोर्क झिजला असेल किंवा गिअरचे दाते गोल झाले असतील. परंतु ज्या गाड्यांत दांडा स्टिअरिंगजवळ आहे, त्यांत आधी बाहेरचे जोड पाहावेत. बुश झिजल्याने दांडा पूर्ण फिरत नाही, गिअर अर्धाच बसतो आणि हिसका बसताच निसटतो. एकाने दांडा हलवावा, दुसऱ्याने बॉनेट उघडून पाहावे.

३) ऑईलमध्ये चुरा निघत असेल तर. गिअरबॉक्सचे ऑईल काढताना ते स्वच्छ भांड्यात घ्यावे. थोडीशी बारीक राखेसारखी पूड चालते. दात तुटल्याचे कपचे निघाले तर गाडी पुढे चालवू नये. भरताना पुस्तकात सांगितलेलेच ऑईल, सांगितलेल्या पातळीपर्यंत भरावे. कमी पडलेले ऑईल बेअरिंग खाते.

उताराची धास्ती बाळगा

पैशाचे नुकसान भरून येते, जिवाचे येत नाही. उतारावर गिअर निसटला की इंजिनाचा धरबंध सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून गिअर निसटणारी गाडी घाटात नेऊच नये. दांड्यावर हात दाबून धरून चालवणे हा इलाज नव्हे.

दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला तर हे दुपटीने लागू आहे. भरल्या उसाच्या ट्रॉल्या मागून ढकलत असताना उतारावर क्लच दाबणे किंवा डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे, ह्यासारखा जिवाशी खेळ नाही. उतार सुरू होण्यापूर्वीच हळूचा गिअर टाकावा आणि खाली पोचेपर्यंत बदलू नये. क्लच किंवा गिअर शंकास्पद असलेला ट्रॅक्टर हंगामाच्या आधी दुरुस्त करून घ्यावा. वजनकाट्यापुढच्या रांगेत बंद पडला तर मागच्या सर्वांचाच खोळंबा होतो.

आयुष्य वाढवणाऱ्या सवयी

पाय पेडलवर ठेवून बसायचे नाही; रिलीज बेअरिंग आणि लायनर दोन्ही त्याने झिजतात. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची नाही. हँडब्रेक त्यासाठीच आहे. हात गिअरच्या दांड्यावर विसावून ठेवायचा नाही. त्याने आतला फोर्क झिजतो. चिखलात रुतलेली उसाची ट्रॉली जीपला दोर बांधून काढायची नाही.

गॅरेजात गेल्यावर

"गिअर पडत नाही, बघा" एवढेच सांगू नका. "इंजिन बंद असताना पडतो, चालू असताना वाजतो, पेडल दोनदा मारल्यावर पडतो" असे सांगा. चांगल्या फिटरला तेवढ्यावरून दिशा मिळते आणि कच्च्या फिटरला आपण जाणते आहोत हे कळते.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर नुसती प्लेट बदलून थांबू नका. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, लहान बुश आणि ऑईल सील त्याच वेळी पाहून घ्या. ह्या कामात मजुरीच जास्त असते. एका बेअरिंगसाठी ती पुन्हा देणे परवडत नाही. काढलेले जुने भाग मागून घ्या आणि डोळ्यांनी पहा.

एक इशारा. जुन्या क्लच प्लेटच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ती तोंडाने किंवा हवेच्या पाइपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये. खाली भक्कम टेकू द्यावा.

हंगाम सुरू होण्यापूर्वी एक सकाळ काढून वरील कसोट्या घ्याव्यात आणि काय आढळले ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पाळीपत्रक आपण लिहितो, तशीच गाडीचीही नोंद असू द्यावी. पेडलची ढील यंदा किती होती आणि पुढच्या वर्षी किती राहिली, एवढ्या एका आकड्यावरून प्लेट किती झिजली ते घरबसल्या कळेल, आणि गाडी ऐन कामात दगा देण्याआधी आपल्याला तयारी करता येईल.